फुलं गळाल्यावर फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं सुरकुतली, मॉस तर ओलंच आहे. काय करावं?

कुंडीतलं_पान (ठाणे)

नमस्कार मंडळी. जानेवारीअखेर नर्सरीतून आणलेलं फॅलेनॉप्सिस आहे. पांढरी फुलं, एकच दांडा, त्यावर ९ फुलं. मेच्या मध्यापर्यंत फुलं ताजी होती, मग चार दिवसांत सगळीच्या सगळी मलूल होऊन गळली. तेव्हापासून झाडाची तब्येत उतरतच चालली आहे.

आत्ताची अवस्था: एकूण पाच पानं. सगळ्यात खालचं पिवळं पडलंय. त्याच्या वरची दोन मऊ, लोंबलेली, लांबीच्या दिशेने सुरकुत्या असलेली. शेंड्याची दोन बरी आहेत, पण पहिल्यासारखी ताठ नाहीत. दांडा टोकाकडून निम्म्यापर्यंत वाळलाय, खालचा भाग हिरवा आहे. बाहेरची कुंडी चिनी मातीची, तळाला भोक नाही. आत पातळ प्लास्टिकची कुंडी आणि तिच्यात ठासून भरलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ). आठवड्यातून दोनदा अर्धा कप पाणी घालत होते. पानं सुरकुतलेली बघून गेले दोन आठवडे एक दिवसाआड घालतेय, तरी फरक नाही. मॉस बोटाला ओलंच लागतं. झाडाला हात लावला की ते कुंडीत डुगडुगतं.

जागा हॉलमधल्या टेबलावर, पूर्वेची खिडकी साधारण आठ फुटांवर. पाणी महापालिकेच्या नळाचं.

विचारायचं आहे ते असं:
१) दांडा कापायचा का, आणि कुठून?
२) खत द्यायचं का? घरात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) आणि गांडूळखत दोन्ही आहे.
३) पाऊस तोंडावर आलाय. आत्ता कुंडी बदलू की पावसाळा संपेपर्यंत थांबू?
४) शेजारच्या काकू म्हणतात पावसात ठेव, आपोआप सुधारेल. ठेवू का?

---

अमरीवेडा

झाड तहानलेलं आहे, आणि पाणी जास्त झाल्यामुळेच तहानलेलं आहे. हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

फॅलेनॉप्सिस मूळचं झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं जाड पांढरं आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी शोषून हिरवं दिसतं, आणि वाऱ्याने काही तासांत सुकून पुन्हा चंदेरी होतं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही हवं. ठासून भरलेलं मॉस आणि वर बिनभोकाची कुंडी म्हटल्यावर मुळांना हवाच मिळत नाही. ती गुदमरतात, मग कुजतात. मुळंच उरली नाहीत तर पाणी वर जाणार कसं? कॅटलिया किंवा डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडांसारखा साठ्याचा कंद या झाडाला नसतो, त्याचा साठा पानांत आणि मुळांत. म्हणून खालची पानं रिकामी होत जातात आणि सुरकुततात. ते बघून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. तुम्ही लिहिलेल्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'डुगडुगतं' हा आहे. मुळं धड असती तर झाड कुंडीत घट्ट बसलं असतं.

तेव्हा पाऊस संपायची वाट बघू नका. धड झाडाची कुंडी बदलायची असती तर मुहूर्त बघितला असता. कुजणाऱ्या झाडाला चार महिने नाहीत. उलट मुळं नसलेल्या झाडाला दमट हवा उपयोगाचीच, पानांतून पाणी कमी उडतं.

आज-उद्यातच हे करा. आतली प्लास्टिकची कुंडी बाजूंनी दाबत झाड बाहेर काढा. नाही निघालं तर कुंडी कापा, झाड ओढू नका. मॉस बोटांनी सोडवा. मध्यभागी, खोडाच्या अगदी खाली, मॉसचा एक घट्ट गोळा किंवा जाळीची छोटी टोपली निघेल. रोपवाटिकेत लहानपणी रोप त्याच्यात लावलेलं असतं, आणि पुढे मोठ्या कुंडीत लावताना ते काढत नाहीत. कुजायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते, कारण वरचं मॉस सुकलं तरी तो गोळा आत ओलाच राहतो. तो पूर्ण काढायचा. मग मुळं नळाखाली धुऊन १५-२० मिनिटं साध्या पाण्यात ठेवा.

आता एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबा. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं दाबल्यावर पाणी सोडतं, आणि ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून येते, मध्ये केसासारखा दोरा तेवढा उरतो. रंगावर जाऊ नका. मॉसमध्ये अंधारात वाढलेली मुळं पिवळट-तपकिरी दिसतात तरी टणक असतात. टणक असेल तर ठेवा, रंग काहीही असो. पाण्यात ठेवल्यावर हिरवी होतील ती तर नक्कीच जिवंत.

कापायला नवीन ब्लेड घ्या, किंवा कात्री गॅसच्या ज्योतीवर नीट तापवून गार करून घ्या. स्पिरिटने पुसल्यावर बुरशी-जिवाणूंचा बंदोबस्त होतो, पण ऑर्किडचे विषाणू कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि स्पिरिटने त्यांची खात्री देता येत नाही. कुजलेलं सगळं टणक भाग लागेपर्यंत कापा. खोडाचं खालचं टोक काळं-मऊ असेल तर तेही, आत फिकट हिरवा-पांढरा भाग दिसेपर्यंत. कापलेल्या तोंडाला दालचिनीची बारीक पूड लावा. फक्त कापलेल्या तोंडालाच. दालचिनी सुकवते, चांगल्या मुळाला लागली तर तेही सुकवेल.

दांडा: झाड तगडं असतं, पाचसहा ताठ पानं आणि भरपूर मुळं, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर सेंटिमीटरभर सोडून कापायला सांगितलं असतं. तिथून फाटा फुटून दोन-तीन महिन्यांत थोडी फुलं येतात. तुमच्या झाडाला ते झेपणारं नाही. हिरवा असला तरी पूर्ण दांडा, बुडाशी २ सेंटिमीटर ठेवून काढा.

खत: आत्ता अजिबात नाही. क्षारांमुळे दुबळ्या मुळांतलं पाणी उलट बाहेर खेचलं जातं आणि नवीन टोकं जळतात. गांडूळखत तर या झाडाला पुढेही नको. ते माती होऊन फटी बुजवतं, आणि फटी हेच या कुंडीतलं सगळ्यात मोलाचं.

पिवळं पान ओढू नका, त्यातलं अन्न झाड परत घेतंय. पूर्ण वाळलं की टोकाकडून मधल्या शिरेवर उभं फाडा आणि दोन्ही अर्धी बाजूबाजूला ओढा, खोडाला जखम न होता सुटतं.

मुळं मोजून इथे लिहा: किती जिवंत, किती लांब. पुढे कशात लावायचं ते त्यावर ठरेल.

---

शेडनेट (रत्नागिरी)

वरच्या उत्तराशी सहमत, दोन गोष्टी जोडतो.

पहिली, ती चार दिवसांत गळलेली फुलं. फॅलेनॉप्सिसची फुलं वय झालं की आधी खालची, म्हणजे आधी उमललेली, एकेक करून जातात. सगळा दांडा रिकामा व्हायला काही आठवडे लागतात. सगळी एकदम मलूल झाली की कारण बाहेर शोधायचं. मेचा मध्य आणि ठाणे, म्हणून विचारतो: त्या खोलीत आंब्याची पेटी होती का? पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि ही फुलं त्याला फार हळवी असतात. अढी लावलेल्या खोलीत उमललेलं फॅलेनॉप्सिस ठेवलं तर पाकळ्या कागदासारख्या पातळ होऊन मिटतात. केळ्यांचा घड, चिकू, पपई, सगळ्यांचं तेच. याने मुळं कुजत नाहीत, तो आजार वेगळा. पण पुढच्या वर्षी फुलं वाचवायची असतील तर लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट हायड्रोजन पेरॉक्साइडची. मुळांवर ते ओतायचा सल्ला सगळीकडे मिळतो. फेस येतो, काहीतरी होतंय असं वाटतं. पण फेस जखमेवर आणि चांगल्या पेशींवरही येतो, कोवळी टोकं भाजतात. या झाडाला आता एक टोकही गमावणं परवडणार नाही. बुरशीनाशक वापरायचंच तर कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचं मिश्रण (साफ नावाने मिळतं) लिटरला २ ग्रॅम, त्यात मुळं १० मिनिटं बुडवा, एकदाच. हातमोजे घाला, काम गॅलरीत करा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. मग झाड सावलीत रात्रभर उघडं ठेवा, कापलेली तोंडं सुकली पाहिजेत. रात्रभर बाहेर राहिलं म्हणून हे झाड मरत नाही. ओल्या जखमा घेऊन ओल्या मॉसमध्ये गेलं तर मात्र पुन्हा कुजेल.

लावण्याबद्दल माझं मत: कोकणच्या हवेत मॉस नको. लोणारी (लाकडाचा) कोळसा दोन भाग, नारळाच्या सोडणाचे (वरच्या काथ्याच्या सालीचे) तुकडे एक भाग.

---

कुंडीतलं_पान (ठाणे)

होय, टेबलाखालीच दोन पेट्या होत्या! हे डोक्यातच आलं नव्हतं.

झाड काढलं. आतली टोपली सापडली, तिच्यातलं मॉस काळं आणि कुबट वासाचं. एकूण १४ मुळं होती. त्यातली ११ दाबल्यावर फुसकी, साल निघून आत दोरा. उरलेल्यांत एक चांगलं १२ सेंटिमीटरचं, पाण्यात ठेवल्यावर हिरवं झालं. दोन कापून ३-४ सेंटिमीटरची उरली आहेत, टणक आहेत. खोडाच्या तळाशी साधारण अर्धा सेंटिमीटर काळं होतं, ते कापलं, आत फिकट हिरवं लागलं. दांडा कापला. साफच्या पाण्यात बुडवून आता रात्रभर सुकायला ठेवलंय.

आता मॉस की कोळसा? शेडनेट मॉस नको म्हणतात, अमरीवेडा मुळं बघून ठरवू म्हणाले होते.

---

अमरीवेडा

एक धड मूळ आणि दोन खुंट. यातून झाड उभं राहू शकतं, घाई नको.

शेडनेट म्हणतात ते मुळं असलेल्या झाडासाठी अगदी बरोबर, ठाण्यातही कोळसा-सोडणच चांगलं. पण या तीन मुळांना दोन सेंटिमीटरच्या कोळशाचा स्पर्श किती होणार? मोठ्या फटींत खुंट अधांतरी राहतात आणि सुकून जातात. म्हणून आत्ता थोडे दिवस मॉस, तेही सैल, आणि मुळं वाढली की कोळसा-सोडण. कुजवलं ते ठासण्याने आणि साचलेल्या पाण्याने. मॉस सैल भरलं तर ते असं करत नाही.

कुंडी लहान घ्या, ३ इंची पारदर्शक. ४०० ग्रॅम दह्याचा पारदर्शक डबा चालेल. तापलेल्या खिळ्याने तळाला सात-आठ आणि बाजूंना दोन ओळींत भोकं पाडा. पारदर्शक अशासाठी की मुळं चंदेरी आहेत की हिरवी ते बाहेरून दिसतं, अंदाज करावा लागत नाही.

लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस अर्धा तास भिजवा आणि मुठीत जोरात पिळा, एकही थेंब पडता कामा नये. सजावटीचं हिरवं शेवाळ नको, कोकोपीट तर मुळीच नको. तळाला बोटभर कोळशाचे तुकडे. लांब मूळ डब्यात गोल फिरवून सोडा, मोडू नका, आणि भोवती मॉस इतकं सैल भरा की बोटाने दाबलं की परत वर येईल. खोडाचा तळ मॉसला टेकला पाहिजे, पानांच्या बेचक्या मॉसच्या वर राहिल्या पाहिजेत. झाड हलत असेल तर बांबूची काडी रोवून सुतळीने सैल बांधा. नवं मूळ फुटताना झाड हललं की टोक घासून मरतं, म्हणून हा आधार फार गरजेचा आहे.

वरून मोठी पारदर्शक पिशवी उलटी घाला, दोन काड्यांवर, पानांना चिकटणार नाही अशी. खालून थोडी उघडी. रोज १०-१५ मिनिटं पूर्ण काढा. आतून धारा वाहायला लागल्या तर दिवसभर अर्धी उघडी ठेवा. आत पाण्याचे थेंब पानांच्या मधल्या बेचक्यात साचलेले दिसले तर टिश्यू पेपरची पुरचुंडी करून टिपून घ्या. शेंड्यात पाणी साचून कुजलं की फॅलेनॉप्सिस संपलंच म्हणायचं, कारण याला वाढीचं टोक एकच असतं. क्वचित बुडातून पिल्लू येतं, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

पिशवीतल्या झाडावर ऊन बिलकूल पडू देऊ नका. अर्ध्या तासात आत भट्टी होते.

पाणी: पहिले चार दिवस काहीच नाही. त्यानंतर बांबूची काडी मॉसमध्ये डब्याच्या तळापर्यंत खुपसून १० मिनिटांनी काढा. काडी ओलसर गार लागली तर थांबा. कोरडी निघाली तर डब्याच्या कडेने तीन-चार चमचे. पिशवीत असताना १०-१२ दिवस पाणी लागलं नाही तरी घाबरू नका. नवी मुळं दिसायला चार ते आठ आठवडे धरा. सुरकुतलेली खालची दोन पानं पूर्ववत होतील असं नाही, त्यांच्याकडे बघत बसू नका. शेंड्याचं पान आणि खोडाची बाजू बघा.

---

पूर्वेची_खिडकी (पुणे)

जागेबद्दल कोणी बोललं नाही. खिडकीपासून आठ फूट म्हणजे या झाडासाठी अंधारच. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, पण प्रकाश खिडकीपासून झपाट्याने कमी होतो. झाडाला साधारण १० ते १५ हजार लक्स (उजेडाचं माप) हवा. मोबाइलवरच्या लक्स मीटरने पानाच्या उंचीवर मोजून बघा, आठ फुटांवर काहीशेच येतील. साधी खूण: दुपारी बाराला पानावर १ फुटावरून हात धरा. कडा पुसट असलेली मऊ सावली पडली पाहिजे. सावलीच नसेल तर प्रकाश कमी, ठसठशीत काळी असेल तर जास्त.

तुमच्या पूर्वेच्या खिडकीत, काचेच्या आत एक-दीड फुटावर ठेवा. सकाळी आठपर्यंतचं ऊन चालतं, पण ते पिशवी निघाल्यावर. पानं गर्द काळपट हिरवी म्हणजे उजेड कमी. मध्यम पोपटी-हिरवी म्हणजे ठीक. कडा तांबूस व्हायला लागल्या तर जरा मागे घ्या. दक्षिण किंवा पश्चिमेची गॅलरी असणाऱ्यांनी ७५ टक्क्यांची शेडनेट (तेवढा उजेड अडवणारी जाळी) लावल्याशिवाय ठेवू नये. एका दुपारच्या उन्हाने पानावर पांढरट चट्टा पडतो, तो भरून येत नाही.

पाण्याचं: धरणाचं नळाचं पाणी मऊ असतं, काही प्रश्न नाही. टँकर किंवा बोअरचं मात्र टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मोजा. २०० पर्यंत छान, ४०० च्या वर कोळशावर आणि डब्याच्या काठावर पांढरा थर बसतो आणि मुळांची टोकं काळी पडतात. तशांनी आत्ता पावसाचं पाणी धरून ठेवावं. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, छताची धूळ धुऊन निघते, मग बादल्या लावा. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडाला नको, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

पुण्याच्या कोरड्या हवेत मी प्रमाण उलटं सांगेन: सोडण दोन भाग, कोळसा एक भाग आणि वर मूठभर मॉस. सोडणाचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून २४ तास भिजवा, चहासारखं पाणी ओतून द्या, असं दोन-तीनदा. त्यातला तुरटपणा आणि मीठ जायला हवं, किनाऱ्याकडच्या सोडणात मीठ जास्त असतं. कोळसा नुसता धुऊन घ्या, काळी भुकटी गेली पाहिजे. शेगडीसाठी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या मिळतात त्या नकोत, त्यांत इतर पदार्थ मिसळलेले असतात.

---

गच्चीतली_फुलं (पणजी)

मध्येच विचारते. हेच डेंड्रोबियमला लागू होतं का? जांभळी फुलं येऊन गेली, दोन काठ्यांची (उभ्या खोडांची) सगळी पानं गळली. त्या काठ्या कापू? आणि फॅलेनॉप्सिस सीतेच्या वेणीसारखं (ते आपल्या रानातलं, झाडांवर वाढणारं ऑर्किड) आंब्याच्या झाडाला बांधलं तर?

---

अमरीवेडा

काठ्या कापू नका. बिनपानाची काठी मेलेली नसते, तिच्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं आणि नवा कोंब त्यावरच पोसतो. पूर्ण तपकिरी, पोकळ आणि चुरचुरीत झाली तरच काढा. हिरवी किंवा पिवळट आणि टणक असेल तर राहू द्या, त्याच काठीच्या टोकाला पुढच्या वर्षीही फुलं येऊ शकतात. डेंड्रोबियमला ऊन जास्त हवं, ५० टक्क्यांची शेडनेट पुरे, आणि कुंडी त्याला तंग आवडते.

झाडावर बांधायला हरकत नाही, गोव्याच्या हवेत जगेल. पण शेंडा आकाशाकडे ठेवू नका. रानात हे झाड फांदीवरून तिरकं, जवळपास खाली तोंड करून लोंबतं, त्यामुळे पाऊस पानांवरून वाहून जातो. आपण कुंडीत सरळ उभं करतो आणि बेचक्याची वाटी होते. ठाण्याच्या काकूंच्या सल्ल्यात हाच धोका आहे: जुलैच्या संततधारेत सरळ उभं ठेवलं तर शेंडा कुजतो. बाहेर ठेवायचंच असेल तर कुंडी ४५ अंशांत कलती टांगा, छपराच्या कडेच्या आत.

आणि सीतेची वेणी रानातून उतरवून आणू नका, कोणी रस्त्यावर विकत असेल तर घेऊही नका. ऑर्किडचं सगळं कुळच सायटीस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षण-यादीत आहे. शिवाय ओरबाडून काढलेल्या वेणीची मुळं सालीसकट तुटलेली असतात, घरी ती सहसा धरत नाही. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप घ्या.

---

कुंडीतलं_पान (ठाणे)

सहा आठवड्यांनी लिहितेय. पिशवीतच आहे, खिडकीत हलवलंय. खालचं पिवळं पान आणि त्याच्या वरचं एक, दोन्ही वाळून सुटली. उरली तीन. शेंड्याचं पान आता ताठ आहे. खोडाच्या बाजूला पानाच्या बुडाशी एक हिरवट-तांबूस चकचकीत टोक आलंय, साधारण ८ मिलिमीटर. मूळ आहे की दांडा? आणि दुसऱ्या पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसतायत, ही बुरशी का?

---

अमरीवेडा

टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत आणि खाली किंवा आडवं वळणारं असेल तर मूळ. दांड्याचं टोक चपटं असतं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं, त्यावर खवल्याची घडी दिसते आणि ते वर जातं. जुलैत ठाण्याच्या उकाड्यात दांडा येत नाही, तेव्हा हे मूळच. त्याला बोट लावू नका, पाणीही त्याच्यावर मारू नका. दोन सेंटिमीटर झालं की पिशवी सोडवायला लागा: पहिला आठवडा रोज दोन तास उघडं, दुसरा आठवडा दिवसभर, मग कायमचं. एकदम काढली तर पानं पुन्हा लोळतात.

खतही तेव्हाच. १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा, आधी साधं पाणी घालून मग. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण शेतीचं असतं, ते घेऊ नका. महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर वाहू द्या, साचलेले क्षार निघून जातात.

---

शेडनेट (रत्नागिरी)

पांढरा कापूस हा पिठ्या ढेकूण आहे, बुरशी नव्हे. काडीने हलवून बघा, आत गुलाबी-करडा मऊ किडा दिसेल. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कान साफ करायची कापसाची काडी बुडवून एकेक ठिपका पुसून काढा. बेचक्याच्या आत आणि पानाच्या पाठीवर मधल्या शिरेलगतही बघा, तिथेच लपतात. ओतू नका, फक्त टिपा. शेंड्यात साचलं तर इजा होते. पाच-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा करा. अंड्यांतून निघणारी नवी पिल्लं पहिल्या फेरीत सापडत नाहीत. जवळ मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा. मुंग्या यांना राखतात, एका कुंडीतून दुसरीत नेऊन सोडतात. झाड दुबळं आहे तोवर निंबोळी तेल नको, दमट पिशवीत तेलाचा थर पानावर तसाच राहतो.

रात्री टॉर्च घेऊन डब्याच्या खालच्या बाजूलाही बघत जा. पावसाळ्यात बारीक गोगलगाई तळाच्या भोकांतून शिरतात आणि नव्या मुळाचं टोकच खातात. टोक खाल्लं की ते मूळ तिथेच थांबतं.

---

पूर्वेची_खिडकी (पुणे)

पुढच्या फुलांचं आत्ताच सांगून ठेवते. दांडा धरायला उजेडापेक्षा रात्रीचा गारवा महत्त्वाचा. दिवसाचं तापमान २५ च्या आसपास आणि रात्रीचं १६ ते १८ असं काही आठवडे मिळालं की पानाच्या बुडातून दांडा निघतो. २८ च्या वर राहिलं तर नुसती पानं येत राहतात. म्हणून आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दांडा आणि उन्हाळा सुरू होताना फुलं. ठाण्यात हिवाळ्यात खिडकी रात्री उघडी ठेवली तरी काम होतं. आम्हा पुणेकरांना उलट १३-१४ च्या खाली गेलं की झाड आत घ्यावं लागतं. दांडा वाढायला लागला की कुंडी फिरवू नका, तो उजेडाकडे वळतो आणि फिरवली की फुलांची रांग वाकडीतिकडी होते.

पण या हिवाळ्यात तुमच्या झाडाला दांडा आला तर तो बोटभर असतानाच कापा. जिवावर बेतलेलं झाडही फुलायला बघतं आणि त्यात शेवटचा साठा घालवतं. चार ताठ पानं आणि निदान पाच-सहा जिवंत मुळं झाल्याशिवाय फुलू देऊ नका. नवं पान आधीच्या पानाइतकं किंवा त्याहून लांब आलं की समजा, खालचं काम नीट चाललंय.

---

अमरीवेडा

कोळसा-सोडणात हलवायचं ते तीन-चार मुळं प्रत्येकी पाच सेंटिमीटरची झाली की. ऑक्टोबरात जमेल असं वाटतं. त्या वेळी मॉस सगळं काढायचा अट्टहास नको. मुळांना घट्ट चिकटलेलं राहू द्या, ओढलं तर साल निघते. फक्त खोडाच्या खालचा भाग मोकळा आहे ना ते बघा. कुंडी ४ इंचीच घ्या, तीही पारदर्शक. चिनी मातीची वापरायची असेल तर तळाला डायमंड बिटने भोक पाडून घ्या, किंवा पाणी घालताना डबा बाहेर काढा आणि पूर्ण निथळल्यावरच आत ठेवा. तोवर दर आठवड्याला डब्याच्या बाहेरून मुळांचा फोटो एकाच बाजूने काढून ठेवा. वाढ इतकी सावकाश असते की रोज बघून कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळते.